जुनी जिनिंग वाचवायची तर सुरुवात कुठून करायची? नागपूर जिल्ह्यातल्या गावांसाठी सविस्तर मार्गदर्शक

काटोल, सावनेर, कळमेश्वर या भागात फिरताना एखाद्या गावाच्या कडेला विटांची लांबलचक इमारत दिसते. वर गंजलेले टिनाचे पत्रे, बाजूला धुराडं, आवारात बाभळी आणि तरोटा माजलेला. गावात विचारलं तर उत्तर एकच मिळतं, ‘ती जुनी जिनिंग.’ म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मालक बहुतेक वेळा नागपूर-पुण्याला असतात, वारसांची संख्या वाढलेली असते, आणि एक दिवस भंगारवाल्याचा ट्रक येतो. आधी लोखंड जातं, मग पत्रे, मग सागाच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे. उघड्या भिंती दोन-चार पावसाळ्यांत बसतात.

हा लेख अशा इमारतीच्या मालकांसाठी आहे, आणि मालक नसूनही ती टिकावी असं मनापासून वाटणाऱ्या गावकऱ्यांसाठीही. पैसा कमी असताना कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं मुळीच करायचं नाही, हे यात सांगितलं आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. जिनिंगची इमारत ही यंत्राभोवती बांधलेली असते. कापूस कुठून आला, सरकी (कापसाचं बी) कुठे पडली, रुई (सरकी काढलेला कापूस) कुठून गेली हे त्या इमारतीत वाचता आलं पाहिजे. ते वाचता येईनासं झालं, तर भिंती उभ्या राहिल्या तरी उरतं ते नुसतं गोदाम. म्हणून क्रम असा धरा: आधी नोंद, मग पाणी अडवणं, मग दुरुस्ती. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती कामाला येते

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस सरकीसकट लांब नेणं परवडत नाही, कारण वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग सरकीचा असतो. म्हणून सरकी काढायचं आणि गाठी बांधायचं काम कापूस पिकतो तिथेच व्हायला लागलं, आणि बाजाराच्या गावांत जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या.

आपल्याकडे चालला तो रोलर जिन, म्हणजे चामड्याच्या रोलरचा रेचा. त्याचं मूळ फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाच्या १८४० च्या पेटंटमध्ये आहे. कातडी रोलर रुईचे तंतू ओढून घेतो, रोलरला टेकलेली स्थिर सुरी सरकीला पुढे जाऊ देत नाही, आणि हलती सुरी ठोके देऊन सरकी सुटी करते. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखान्यांनी असे रेचे मोठ्या प्रमाणात बनवले. नावाची पाटी तुमच्या यंत्रावर अजून असू शकते, तेव्हा ब्रश फिरवण्याआधी ती शोधा.

पुढे १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस सरकारनेच विकत घ्यायचा. त्या काळात यांतल्या कित्येक इमारती हंगामात गजबजलेल्या असत. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. त्यातून नव्या जिनिंग आल्या: प्रत्येक डबल रोलर जिनला स्वतःची मोटर, हवेच्या नळ्यांतून वाहणारा कापूस, पक्कं आवार. एका लांब शाफ्टवर पट्ट्यांनी चालणाऱ्या जुन्या जिनिंग त्या स्पर्धेत मागे पडल्या. तुमच्या गावची जिनिंग नेमकी कधी आणि कशामुळे बंद पडली, हे नक्की करणं हाही कामाचाच भाग आहे.

पहिलं काम: आत जाण्याआधी

बंद जिनिंगमध्ये एकट्याने जाऊ नका. टॉर्च, जाड तळव्याचे बूट, डोक्यावर हेल्मेट आणि एन-९५ मास्क घ्या. मास्कची टाळाटाळ करू नका. वर्षानुवर्षं साचलेली कबुतरांची आणि वटवाघळांची विष्ठा सुकून उडते आणि फुप्फुसाला बाधते. ती झाडण्याआधी पाण्याने भिजवायची, कोरडी कधीच झाडायची नाही.

बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर पांढुरकं, दोरखंडासारखं किंवा प्लास्टरसारखं आवरण दिसलं तर त्याला हात लावू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडायचं नाही, प्लास्टिकने झाकून ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं. रेच्याच्या जुन्या चामडी रोलरचंही तसंच. हे चामडं बहुधा क्रोमने कमावलेलं असतं, आणि त्याची धूळ विषारी असते. या कारणासाठीच मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमविरहित रोलर तयार केले. जुने रोलर जपून ठेवा, मात्र हातमोजे घालूनच हाताळा.

दोन गोष्टी विदर्भातल्या माणसाला सांगायला नकोत, तरी सांगतो. सरकीच्या खड्ड्यात आणि पट्ट्यांच्या भुयारात साप असतात, तिथे आधी काठी, मग पाय. आणि धुराड्याला आग्या मोहोळ आहे का, हे दुरूनच बघून घ्या. असेल तर त्या बाजूला ना धूर करायचा ना आवाज.

सगळ्यात मोठा धोका मात्र आगीचा. तुळयांवर, कैच्यांच्या सांध्यांत, पत्र्याच्या पन्हाळीत रुईचे तंतू साचलेले असतात. वेल्डिंगची एक ठिणगी पुरेशी होते. म्हणून नियम ठेवा: तंतू ओले करून पूर्ण काढल्याशिवाय आवारात गॅस कटर, वेल्डिंग आणि विडी बंद.

दुसरं काम: इमारत वाचायला शिका

हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि याला वेळेशिवाय काही लागत नाही.

साधारण रचना अशी असते. एका टोकाला इंजिन घर आणि बॉयलर घर, त्याला लागून धुराडं. तिथून निघालेला मुख्य शाफ्ट जिन घराच्या लांबीभर जातो, कुठे जमिनीखालच्या भुयारातून, कुठे ओट्याच्या पोटातून. शाफ्टवरच्या पुलीमधून पट्टे वर येतात आणि एकेक रेचा चालवतात. रेचे वरच्या मजल्यावर किंवा उंच ओट्यावर ओळीने मांडलेले. एका बाजूने बाया कापूस घालत, दुसऱ्या बाजूला रुई पडे, आणि सरकी जाळीतून खाली. जिन घरापलीकडे रुईचं गोदाम, आणि मग प्रेस घर. गाठ दाबायच्या पेटीला वर उंची लागते आणि खाली खड्डाही लागतो, म्हणून प्रेस घर बाकीच्या इमारतीपेक्षा उंच असतं.

आता यंत्रं गेलेली असली तरी खुणा उरतात, त्या अशा शोधा:

- भिंतीवर किंवा खांबांवर ठरावीक अंतराने बेअरिंगचे कोनाडे, लोखंडी ब्रॅकेट किंवा तेलाने काळ्या पडलेल्या विटा. त्या रेषेत शाफ्ट होता.
- फरशीतल्या अरुंद, लांबट फटी. त्यांतून पट्टे वर येत. फटी मोजल्या की साधारण किती रेचे होते हे कळतं.
- ओट्यावर चार-चारच्या गटात उभे असलेले बोल्ट. प्रत्येक गट म्हणजे एका यंत्राची जागा.
- बुजवलेली दारं. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने कच्चा कापूस आत येण्याची आणि रुई बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवायला सांगितलं होतं. जुन्या इमारतीत नंतर पाडलेलं दार दिसलं तर ते त्या कायद्यानंतरचं असू शकतं.
- इंजिन घरात एकापेक्षा जास्त पाये. वाफेचं इंजिन, मग क्रूड ऑइल इंजिन, मग विजेची मोटर, असे बदल अनेक ठिकाणी एकाच खोलीत झाले, आणि प्रत्येकाने आपला चौथरा मागे ठेवला.

इमारतीचं वय काढायलाही वस्तूच मदत करतात. लोखंडी तुळयांच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर तुळई इंग्लंडहून आलेली. ‘टाटा’ असेल तर ती १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद तयार व्हायला तेव्हा सुरुवात झाली. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कौल कारखाना १८६५ चा, म्हणजे त्या नावाचं कौल त्याआधीचं असू शकत नाही. मात्र तुळई किंवा कौल नंतर बदललेलंही असतं, म्हणून एकाच वस्तूवरून साल ठरवू नका. बॉयलरवर ठोकलेला नोंदणी क्रमांक आणि कारखानदाराची पाटी खडूने घासून तिचा फोटो घ्या. बॉयलरची नोंद सरकारदरबारी होत असल्यामुळे या क्रमांकावरून बाष्पके संचालनालयाकडे चौकशी करता येते.

तिसरं काम: मोजमाप आणि फोटो

वास्तुविशारद मिळाला तर उत्तम. नागपुरात वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत आणि विद्यार्थ्यांना मोजणीसाठी अशा इमारती हव्याच असतात, तेव्हा विभागप्रमुखांना पत्र लिहा. कोणी मिळालं नाही तरी थांबू नका.

तीस मीटरचा टेप, ओळंबा, वही आणि तीन माणसं घ्या. प्रत्येक खोलीच्या चार बाजूंसोबत दोन्ही कर्णही मोजा, कारण जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. लांब भिंतीवर टेप एका टोकाला धरून ठेवा आणि प्रत्येक दार-खिडकीचं अंतर त्याच शून्यापासून लिहा. तुकड्या-तुकड्याने मोजलं की चुका साठत जातात. खांबांना क्रमांक द्या (क-१, क-२ असे), आणि तेच क्रमांक नकाशात, फोटोत आणि नोंदवहीत वापरा. तळनकाशा १:१०० आणि आडवा छेद १:५० या प्रमाणात काढला की पुढे इंजिनिअरला उपयोगी पडतो. छेद हवाच. जिनिंगची गोष्ट उभ्या छेदातच कळते: वर रेचा, खाली शाफ्ट, त्याखाली सरकी.

फोटो काढताना प्रत्येक भिंत समोरून, मग प्रत्येक कोपरा, मग बारकावे, आणि बारकाव्याच्या फोटोत पट्टी ठेवायची. प्रत्येक वस्तू आहे त्याच जागी असताना तिचा फोटो घ्या. पुलीला गुंडाळलेला पट्टा काढून बाजूला ठेवला की तो कुठून कुठे जात होता, ही माहिती कायमची गेली. गाठीवर मारायच्या खुणेचे टिनाचे छाप सापडले तर ते सोन्यासारखे जपा. १९२५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रेसला आपली खूण आणि गाठीला अनुक्रमांक द्यावा लागे. त्या छापावरून तुमच्या गावची गाठ बाजारात ओळखली जात होती.

चौथं काम: कागद आणि माणसं

माणसं आधी, कारण कागद थांबतात.

गावात जिनफिटर, आगवाला (बॉयलरची आग सांभाळणारा), हमाल, दिवाणजी किंवा रेच्यावर काम केलेल्या बाया हयात असतील तर त्यांच्याशी बोला, शक्य असेल तर इमारतीतच. घरी बसून विचारलं की ‘हो, होती जिनिंग’ एवढंच उत्तर येतं. तिथे उभं राहिलं की पाय आपोआप आपल्या जागेकडे वळतात. प्रश्न ठोस ठेवा: बंड्यांची रांग कुठपर्यंत लागायची? वजनकाटा कुठे होता? कवडी (डागी, खराब) कापूस वेगळा कुठे टाकायचे? भोंगा किती वाजता व्हायचा? आग लागली होती का? लहान लेकरं कुठे निजवायच्या? हा शेवटचा प्रश्न बायांना जरूर विचारा. रेच्यात कापूस घालायचं काम मुख्यतः त्यांचं होतं, आणि छापील नोंदीत त्यांच्याबद्दल फार थोडं सापडतं. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या, आणि नंतर एक प्रत त्यांच्या घरी द्या.

कागदांचा शोध सात-बारापासून सुरू होतो, पण तिथे थांबत नाही. फेरफार नोंदी मागे मागे न्या. नागपूर जिल्हा मध्य प्रांतात होता, मालगुजारी (गावाचा सारा मालगुजारामार्फत भरायची पद्धत) होती, आणि ती १९५१ मध्ये संपली. त्यामुळे इथे त्याआधीचा दुवा बंदोबस्त मिसलीत (जमीन मोजून सारा ठरवतानाच्या जुन्या दप्तरात) आणि मालगुजाराच्या घरच्या दप्तरात मिळतो. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, म्हणून त्या काळातले सरकारी कागद शोधताना ‘मध्य प्रदेश’ या नावाखालीही बघा. नागपूरच्या शासकीय अभिलेखागारात जुनी सचिवालयाची दप्तरं आहेत. १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटियरमध्ये तुमच्या गावच्या नावाखाली जिनिंगचा उल्लेख आहे का, हे पाहायला काहीच खर्च लागत नाही. दुय्यम निबंधकांकडचे खरेदीखत आणि गहाणखत विसरू नका. गहाणखतात कधी कधी यंत्रांची पूर्ण यादी असते.

मालकांच्या घरचे रोजमेळ आणि खतावण्या बहुधा मोडीत किंवा महाजनी लिपीत असतात. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत देऊ नका. फोटो काढून ठेवा, वाचणारा मिळतो. आगीच्या विम्याचे कागदही शोधा. त्यांत आवाराचा नकाशा निघाला तर तुमचं अर्धं काम झालं.

पाचवं काम: पाणी अडवा, तेही मृगाच्या आत

नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हातात फक्त एका कामाचे पैसे असतील तर ते छतावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घाला.

उडालेल्या पत्र्यांच्या जागी तात्पुरती ताडपत्री चालते, पण ती कैचीला बांधा, भिंतीच्या विटांना खिळे ठोकून नको. जुने जाड पत्रे फक्त वरवर गंजले असतील तर काढू नका. आज बाजारात मिळणारे बहुतेक पत्रे त्यांच्यापेक्षा पातळ असतात. भोकं हुकच्या बोल्टभोवती मोठी होतात, तिथे नवे वायसर आणि डांबरी पट्टी पुरते. कौलं असतील तर फुटकी बदला, आणि बाकीच्या कौलांची जागा नीट लावा. पत्रा मजबूत दिसला तरी त्यावर पाय देऊन चालायचं नाही. कैच्यांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरून चाला.

सागाची कैची भिंतीत जिथे टेकते तिथेच आधी कुजते. पेचकस घेऊन टोकाला दाबून पाहा. सहज आत गेला तर त्या कैचीखाली आजच टेकू लावा आणि मग इंजिनिअरला बोलवा.

भिंतीवरचा पिंपळ हा दुसरा मोठा शत्रू. तो ओढून काढू नका, मुळांबरोबर विटा येतात. पावसाळ्याआधी खोड भिंतीलगत कापा, बुंध्याला भोकं पाडा आणि कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या माणसाकडून मूळ मारायचं औषध भरून घ्या. ग्लायफोसेट वापरायचं तर २०२२ पासून ते अशाच माणसामार्फत वापरायचा नियम आहे. मीठ किंवा अॅसिड ओतायचा सल्ला गावात हमखास मिळतो, तो ऐकू नका. क्षार भिंतीत मुरतात आणि पुढची अनेक वर्षं विटा भुगा होत राहतात. मूळ वाळल्यावर पोकळी चुन्याच्या मसाल्याने भरायची.

जमिनीवर बघा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून भिंतीच्या पायाशी पाणी साचू द्यायचं नाही. भिंतीलगत मीटर-दीड मीटर रुंदीचा मुरूम-दगडाचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला आणि पाणी नालीत सोडा. इथे काँक्रीट ओतण्याचा मोह होतो. काँक्रीटखालचा ओलावा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तो भिंतीत चढतो.

सहावं काम: भेगांवर वर्षभर लक्ष

भेग दिसली की सिमेंट भरायची घाई होते. थांबा. आधी ती हलते आहे का ते पाहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टीलचा खिळा पक्का बसवा, मधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा, तारीख घालून लिहा आणि दर महिन्याला परत मोजा. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात आला पाहिजे. मे महिन्यात रुंदावून सप्टेंबरात मिटणारी भेग काळ्या मातीची, आणि तिच्यावर उपाय पाण्याच्या निचऱ्याचा. प्रत्येक महिन्याला वाढतच जाणारी भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, आणि त्याला तुमची वही दाखवा. अशी वही समोर असली की त्याचा सल्ला अंदाजावर राहत नाही.

सातवं काम: चुन्याची दुरुस्ती

जुन्या विटा मऊ असतात आणि त्या चुन्यात बसवलेल्या असतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतला ओलावा आत कोंडतो. क्षार सांध्यातून बाहेर येण्याऐवजी विटेतून येतात आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. दोन-तीन वर्षांत सिमेंट तसंच टणक राहतं आणि मागची वीट संपते.

आधी मूळ मसाला ओळखा. आतल्या बाजूचा, पावसाने न धुतलेला एक खडा घ्या, काचेच्या भांड्यात ठेवा, त्यावर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक अॅसिड टाका (चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा हवी). चुना फसफसून विरघळतो. खाली उरते ती वाळू, आणि लालसर कण असतील तर ती सुरखी, म्हणजे विटांची पूड. तो गाळ धुऊन वाळवा. नवी वाळू त्याच्याच जाडीची आणि रंगाची शोधा.

कळीचा चुना विझवताना चुना पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, म्हणून लोखंडी पिंप वापरा, प्लास्टिकचं नको. डोळ्यावर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विझलेला चुना पाण्याखाली निदान तीन-चार आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर आणखी चांगला. सुरुवातीला चुना, सुरखी आणि वाळू १:१:२ असा नमुना करून मागच्या भिंतीवर लावा, आणखी एक-दोन प्रमाणं शेजारी लावा. महिनाभर बघा, मग ठरवा. गुळाचं पाणी, बेलाचा गर किंवा हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. हे माहीत असलेला गवंडी मिळाला तर त्याच्या हाताखाली गावातल्या दोन तरुणांना ठेवा.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरताना जुना भुसभुशीत मसाला हाताने, छिन्नीने काढा. ग्राइंडर चालवू नका, विटांच्या कडा कापल्या जातात. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी. भिंत नीट भिजवा, मसाला दाबून भरा, आणि ओली पोती टाकून दोन आठवडे ओल ठेवा. आपल्या हवेत या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. एप्रिल-मेच्या उन्हात चुना पकडण्याआधीच सुकतो.

विटा बदलायच्या तर जवळपास पाडलेल्या जुन्या वाड्याच्या विटा शोधा. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेपासून बनणाऱ्या विटा नव्या बांधकामाला चांगल्या आहेत, पण त्या टणक असतात आणि जुन्या भिंतीत मिसळून बसत नाहीत.

आठवं काम: यंत्रं आणि धुराडं

भंगाराचा भाव वजनावर ठरतो, आणि ओतीव लोखंडाचं वजन भरपूर असतं. त्यामुळे मालकांना मोह होणं मी समजू शकतो. निदान एवढं करा: एक पूर्ण रेचा, शाफ्टचा एक तुकडा पुलीसकट, एक पट्टा आणि प्रेसची पेटी, हे जागेवरच ठेवा. या चार गोष्टींवरून कापसाचा सगळा प्रवास येणाऱ्या माणसाला दाखवता येतो.

यंत्र चालवून पाहायचा हट्ट नको. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, साध्या वेल्डिंगने जोडत नाही, आणि अडकलेला शाफ्ट जोराने फिरवला तर बेअरिंगचं घर फुटतं. तारेच्या मऊ ब्रशने सुटा गंज काढा, रॉकेलने पुसा, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. जवस तर आपल्याच शेतातला. मात्र एक काळजी अगदी कडक पाळा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आपोआप तापतात आणि पेट घेतात. त्या लगेच पाण्याच्या बादलीत टाका, किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा. पाट्यांवर आणि उठावाच्या अक्षरांवर रेड ऑक्साइड फासू नका.

चामडी पट्टे उंदीर खातात. ते गुंडाळून, कोरड्या जागी, टांगून ठेवा.

धुराड्यावर चढू नका, पायऱ्यांच्या लोखंडी कड्या आतून गंजलेल्या असतात. दोन वेगवेगळ्या दिशांनी, लांबून, ओळंबा समोर धरून ते कललं आहे का ते पाहा आणि फोटो घ्या. लोखंडी पट्टे सुटलेत का, वीजवाहक तार शिल्लक आहे का, हे दुर्बिणीने दिसतं. शंका असेल तर धुराड्याच्या उंचीइतक्या अंतरात माणसं आणि गुरं येणार नाहीत असं कुंपण घाला आणि तज्ज्ञ येईपर्यंत ते काढू नका.

नववं काम: कायद्याचा आधार आणि नवा वापर

शहराच्या हद्दीतल्या इमारतींसाठी नागपूरला वारसा संवर्धन समिती आहे. गावातल्या इमारतीसाठी सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून करा. ठराव, नकाशा, फोटो आणि आठ-दहा पानांची टिपणी असा एक संच राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला द्या, दुसरा वारसा जपण्याचं काम करणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या नागपूर शाखेला. पोच घ्या. संरक्षित स्मारक म्हणून घोषणा होईल यावर विसंबू नका, ती वाट लांब आहे. पण रस्ता रुंदीकरण किंवा लेआउट पडायच्या वेळी सरकारी फायलीत तुमचा कागद आधीपासून असणं फार उपयोगी ठरतं.

वारस अनेक असतील तर त्यांच्यात निदान एक लेखी समजूत करून घ्या: वाटणी होईपर्यंत कोणीही एकट्याने यंत्र, पत्रा किंवा लाकूड विकायचं नाही. मी पाहिलेल्या जिनिंगपैकी भांडणात गेलेल्या इमारती पावसात गेलेल्यांपेक्षा कमी नाहीत.

वापर नसलेली इमारत टिकत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीचं धान्य-सरकी गोदाम, हातमाग किंवा शिवणकामाचं केंद्र, आठवडी बाजाराचा ओटा, लग्नाचा हॉल, हे सगळं चालतं. जिन घराचा लांब, मोकळा भाग भाड्याने द्या आणि इंजिन घर किंवा एक टोक दाखवण्यासाठी राखा. भाडेकरारात या अटी स्पष्ट लिहा: भिंतीत नवं दार पाडायचं नाही, पट्ट्यांच्या फटी आणि सरकीचा खड्डा बुजवायचा नाही (वर काढता येणारी लोखंडी जाळी टाकता येते), सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट नाही, वीजजोडणी पाइपातून, आणि मोठं स्वयंपाकाचं काम इमारतीबाहेर. सरकी साठवणार असाल तर ढिगात हात घालून उष्णता तपासायची अटही टाका, ओलसर सरकी आतून तापते.

देखभालीची जबाबदारी करारात एका माणसाच्या नावावर असू द्या. त्याने अक्षय तृतीयेच्या सुमारास पन्हाळी साफ करायच्या, पत्र्यांचे बोल्ट तपासायचे आणि भिंतीवरची कोवळी पिंपळाची रोपं हाताने उपटायची. दसऱ्यानंतर नाल्या मोकळ्या करायच्या आणि गळती झाली त्या जागा नकाशावर खडूच्या रंगाने दाखवायच्या. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक मालकाकडे, आणि फोटोंची एक प्रत गावाबाहेर कोणाच्या तरी संगणकात.